नगररचनेचा एक जुना खेळ आणि त्याचा यांत्रिक साहाय्यक : एक चिकित्सा

संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकावयाची, तर एखादा जुना, सुटसुटीत खेळ निवडावा आणि त्यात खेळणाऱ्याला सल्ला देणारा किंवा त्याच्या वतीने खेळणारा यांत्रिक साहाय्यक स्वतः रचून पाहावा, असे मत प्रोग्रॅमिंग शिकविणाऱ्यांमध्ये आता बरेच रूढ झाले आहे. या मताच्या बाजूने पुष्कळ बोलता येण्यासारखे आहे. जुन्या खेळाचे विश्व मर्यादित असते. त्याचे नियम मोजके असतात. चूक झाली तर ती डोळ्यांसमोर दिसते. आणि साहाय्यक कितपत साधला, हे गुणफलकावरून तत्काळ कळते. तथापि या मतात एक गृहीतक दडलेले आहे. खेळाचे नियम म्हणजे जणू निसर्गनियम. ते दिलेले आहेत, विद्यार्थ्याने त्यांच्या आत राहून केवळ चातुर्य दाखवावयाचे, असे ते गृहीतक होय. ते कितपत ग्राह्य मानावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ही चर्चा अधांतरी राहू नये म्हणून ती एका विशिष्ट खेळाच्या आधारे आणि एका विशिष्ट भूप्रदेशाच्या, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर या दोन तालुक्यांच्या, संदर्भात करण्याचे योजिले आहे.

खेळ आहे ‘सिमसिटी’. विल राइट यांनी रचलेला हा खेळ मॅक्सिस या संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केला. त्याची जन्मकथा प्रस्तुत विषयाला विलक्षण जवळची आहे. राइट यांनी १९८४ साली ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ नावाचा एक युद्धखेळ तयार केला होता. त्यात हेलिकॉप्टरमधून बेटांवरील कारखाने उद्ध्वस्त करावयाचे असत. ही बेटे चितारण्यासाठी राइट यांनी स्वतःच्या सोयीकरिता एक लहानसे साधन बनविले, आणि बेटे उडविण्यापेक्षा ती वसविण्यातच अधिक गंमत आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. त्या साधनाचाच पुढे खेळ झाला. म्हणजे एका खेळासाठी केलेला साहाय्यक हाच दुसऱ्या खेळाचा मूळ पुरुष ठरला. साधन घडविताना घडविणाऱ्याची दृष्टी पालटते, या म्हणण्याला याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. याच काळात राइट यांनी जे फॉरेस्टर यांचा ‘अर्बन डायनॅमिक्स’ (१९६९) हा ग्रंथ वाचला. नगर म्हणजे परस्परांवर परिणाम करणाऱ्या राशींची एक यंत्रणा होय, ही त्या ग्रंथातील कल्पना खेळात जशीच्या तशी उतरली नसली, तरी तिची छाया त्यावर स्पष्ट आहे.

हा परदेशी खेळ सह्याद्रीच्या पायथ्याशी आणण्याचे कारण काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका शाळेत आहे. मुरबाड तालुक्याच्या दक्षिणेस, सिद्धगडाच्या डोंगररांगेपलीकडे, रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुका लागतो. तेथील खैरात या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली बावीस मुलांच्या हाती एकेक लहान, हिरवा-पांढरा संगणक देण्यात आला. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या योजनेचा तो भारतातील पहिला प्रयोग. केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्याच वर्षी ही योजना नाकारली होती. त्यामुळे प्रयोग खाजगी रीतीने झाला. याच संगणकासाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या कंपनीने २००७ च्या नोव्हेंबरात ‘सिमसिटी’ देऊ केला, आणि जानेवारी २००८ मध्ये त्याची मूळ आज्ञावली सर्वांना वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास मुक्त करण्यात आली. ‘सिमसिटी’ हे नाव कंपनीने स्वतःकडे राखल्यामुळे मुक्त आवृत्तीला ‘मायक्रोपोलिस’ म्हणतात. राइट यांनी प्रथम योजिलेले नावही तेच होते. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राच्या रचनेत मूळ आज्ञावली उघडून दाखविणाऱ्या कळीचीही योजना होती. योजनेमागचे तत्त्वज्ञान सीमर पॅपर्ट यांचे. १९६७ सालच्या ‘लोगो’ भाषेच्या निर्मात्यांपैकी ते एक. यंत्राने मुलाला घडवावे यापेक्षा मुलाने यंत्राला शिकवावे, हा त्यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या ग्रंथाचा आशय. तेव्हा जुना खेळ, त्याची उघडी आज्ञावली आणि तो खेळवू शकणारे यंत्र या तीन गोष्टी मुरबाडच्या शिवेपाशी, जवळजवळ एकाच हंगामात, एकत्र येण्यासारख्या होत्या.

आता साहाय्यकाकडे वळावयाचे. ‘मायक्रोपोलिस’चा पट एकशे वीस चौकोन रुंद व शंभर चौकोन उंच, म्हणजे एकंदर बारा हजार चौकोनांचा आहे. खेळणारा त्यावर निवासी, व्यापारी व औद्योगिक अशी तीन प्रकारची क्षेत्रे टाकतो. प्रत्येक क्षेत्र तीन गुणिले तीन चौकोनांचे. त्याला वीज पोहोचली पाहिजे आणि त्याच्या कडेने रस्ता किंवा रेल्वे गेली पाहिजे. एवढे झाले की वस्ती आपोआप वाढते किंवा घटते. खेळणाऱ्याच्या हाती कर, अंदाजपत्रक आणि बांधकाम एवढेच असते.

अशा पटासाठी अगदी प्राथमिक साहाय्यक करावयाचा म्हटले, तरी विद्यार्थ्याला चार पायऱ्या चढाव्या लागतात. पट वाचणे ही पहिली. कोणत्या चौकोनावर काय आहे, हे अंकांत साठविलेले असते; ते अंक उलगडण्यातच सारणी, क्रमांक आणि अट या मूलभूत कल्पनांचा परिचय होतो. कोणत्या क्षेत्राला वीज मिळालेली नाही हे शोधणे ही दुसरी पायरी, आणि शैक्षणिक दृष्ट्या सर्वांत सुंदर. वीजकेंद्रापासून निघावे, शेजारचा चौकोन वीजवाहक असेल तर त्यात शिरावे, त्याच्या शेजाऱ्यांची तीच परीक्षा करावी, आणि एकदा पाहिलेला चौकोन पुन्हा पाहू नये. खाचरात पाणी सोडले की बांध आडवा येईपर्यंत ते जसे पसरत जाते, तशीच ही रीत. भातशेतीच्या मुलखात वाढलेल्या विद्यार्थ्याला ती समजावून सांगण्यासाठी वेगळ्या दृष्टान्ताची गरज पडू नये. संगणकशास्त्राच्या पुस्तकांतही तिचे नाव पुरावरूनच पडलेले आहे. तिसरी पायरी पर्यायांची तुलना करण्याची : येथे तार टाकली तर काय, तेथे टाकली तर काय. चौथी पायरी मात्र निराळ्या जातीची आहे. कोणता पर्याय ‘चांगला’, हे साहाय्यकाला सांगावे लागते. पहिल्या तीन पायऱ्यांत कौशल्य लागते. चौथीत निवाडा लागतो. तो निवाडा अंकांत लिहावा लागत असल्यामुळे त्यात संदिग्धतेला जागा उरत नाही.

यांत्रिक खेळाडू घडविण्याची परंपरा जुनी आहे. तिचा येथे धावता उल्लेख पुरे. आर्थर सॅम्युएल यांनी चेकर्सवरील आपला प्रसिद्ध निबंध १९५९ साली लिहिला. दृश्यपटावरील खेळांपैकी ‘रोग’ या १९८० च्या सुमाराच्या खेळासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘रोग-ओ-मॅटिक’ नावाचा खेळाडू रचला. पडद्यावर माणसाला जे दिसते तेवढेच वाचून तो खेळे, आणि बऱ्याच निष्णात खेळाडूंना मागे टाकी. त्याचे सारे ज्ञान नियमांच्या रूपाने लिहिलेले होते. भूक लागली असेल आणि अन्न जवळ असेल तर खा. शत्रू बलवान असेल आणि वाट मोकळी असेल तर पळ. अशा धर्तीचे ते नियम. ते वाचता येत, म्हणून त्यांच्याशी वादही घालता येत असे. पुढे ही पद्धत मागे पडली. २०२० साली सॅम अर्ल यांनी ‘मायक्रोपोलिस’च खेळणारे मज्जातंतुसदृश जाळे शिकवून दाखविले. लहान पटावर शिकलेले मोठ्या पटावर उपयोगी पडावे, अशी त्याची रचना होती, आणि त्याला बक्षीस मिळत असे ते मुख्यतः लोकसंख्येच्या वाढीचे. संशोधन म्हणून ते निःसंशय मोलाचे आहे. परंतु शिकाऊ विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहता त्यात एक उणीव राहते. जाळ्याने एखादी चाल का केली, हे त्या जाळ्यातून वाचता येत नाही. ‘रोग-ओ-मॅटिक’ हा गद्य ग्रंथ होता. हे जाळे म्हणजे केवळ मुद्रा. शिकण्यासाठी जुनी रीतच बरी, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु खरा प्रश्न साहाय्यकाच्या रीतीचा नाही; तो ज्या नियमांवर उभा राहतो, त्यांचा आहे. ‘मायक्रोपोलिस’ची आज्ञावली उघडी असल्यामुळे या नियमांची चिकित्सा एखाद्या ग्रंथाच्या संहितेप्रमाणे करता येते. ती केली म्हणजे काही आश्चर्यकारक गोष्टी हाती लागतात.

जमिनीच्या किमतीचा नियम घ्यावा. पटावरील वस्तीचा मध्यबिंदू काढला जातो. एखाद्या जागेचे त्या मध्यापासूनचे अंतर चौतिसातून वजा करून बाकीला चाराने गुणतात. हे अंतर बत्तिसापेक्षा अधिक धरले जात नाही. त्यात आसपासच्या झाडीचे व पाण्याचे गुण मिळवितात आणि प्रदूषण वजा करतात. गुन्हेगारी एका मर्यादेपलीकडे गेली असेल, तर आणखी वीस उणे होतात. जमिनीचे मोल म्हणजे केंद्राशी असलेली जवळीक अधिक देखावा, एवढाच या सूत्राचा मथितार्थ. जमिनीचा कस, तिच्यावर पिकणारे धान्य, तिच्यावर कोणाचा किती पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क, यांपैकी कशालाही सूत्रात स्थान नाही. झाडी साफ करावयाची तर चौकोनामागे एक डॉलर पडतो; त्या झाडीत कोणी राहत असेल, ही शंका आज्ञावलीला शिवत नाही. गंमत अशी की, मुंबई-कल्याणकडच्या लोकांना डोंगराचा व पाण्याचा देखावा दाखवून मुरबाड-शहापूरच्या माळांचे जे तुकडे विकले जातात, त्यांच्या भावाचे वर्णन हे सूत्र बऱ्यापैकी अचूक करते. शेतकऱ्याच्या जमिनीचे ते वर्णन करू शकत नाही. ग्राहकाच्या डोळ्याने पाहिलेली जमीन एवढीच त्याला ठाऊक आहे.

दुसरा नियम गुन्हेगारीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. एकशे अठ्ठावीसमधून जमिनीची किंमत वजा करावयाची, त्यात लोकसंख्येची घनता मिळवावयाची आणि पोलीस ठाण्याचा प्रभाव वजा करावयाचा. जे उरेल ती त्या जागेची गुन्हेगारी. वरकड मर्यादा सोडल्या, तर सूत्र एवढेच आहे. त्याचा अर्थ शब्दांत मांडला, तर जमीन जितकी स्वस्त तितकी ती जागा मूलतः गुन्हेगार. एका उणे चिन्हाने गरिबी ही गुन्ह्याची जननी ठरविली आहे, आणि दुसऱ्या उणे चिन्हाने त्यावर बंदोबस्त हा थेट उपाय सांगितला आहे. शिक्षण, रोजगार, मजुरीचा दर यांना सूत्रात जागा नाही. दोन्ही नियम जोडून वाचले, तर अनुमान आणखी विचित्र होते : केंद्रापासून दूर म्हणजे स्वस्त, आणि स्वस्त म्हणजे गुन्हेगार. ठाणे जिल्ह्यातील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांचे पाडे जिल्ह्याच्या केंद्रापासून लांब, डोंगराच्या कुशीत आहेत. त्यांतील एखाद्या घरचा विद्यार्थी हे सूत्र उलगडून वाचील, तेव्हा त्याला स्वतःच्या वस्तीविषयी यंत्राचे मत कळेल. ज्या देशात १८७१ च्या कायद्याने जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले, तेथे या एका ओळीकडे केवळ खेळ म्हणून पाहता येत नाही. राइट यांचा तसा हेतू होता, असे मात्र येथे सुचवावयाचे नाही. सूत्र सोपे असावे, मुलाला त्याचा परिणाम दिसावा, यासाठी त्यांनी ते तसे केले असावे. सोपे करण्याच्या घाईत कोणाची बाजू गळते, एवढाच मुद्दा.

रहदारीच्या नियमात याउलट एक प्रकारची निरागस कारागिरी आहे. प्रत्येक क्षेत्रातून एक काल्पनिक प्रवासी निघतो. रस्ता सापडला की तो चाचपडत, वाट निवडत जातो. वाट खुंटली तर मागे येतो. आणि तीस पावलांच्या आत इच्छित प्रकारचे क्षेत्र गाठले, तर प्रवास सफल. ज्या रस्त्यांवरून तो गेला त्यांवर रहदारीचा अंक चढतो. रुळांवर मात्र चढत नाही. म्हणूनच एकही रस्ता न बांधता केवळ रेल्वेवर नगर चालविण्याची युक्ती खेळाडूंनी शोधून काढली. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी ज्या भागात वर्षानुवर्षे चालू आहे, तेथील विद्यार्थ्याला ही युक्ती विशेष आवडावी. परंतु तिचा बारकावा हा की, ती शोधण्यासाठी आज्ञावली वाचावी लागत नाही; नुसते खेळूनही ती सापडते. गुन्हेगारीच्या सूत्रातील उणे चिन्ह नुसते खेळून सापडत नाही. त्याचा फक्त परिणाम दिसतो, आणि तो सृष्टिक्रमच भासतो.

ॲलन के यांनी ‘सिमसिटी’वर नेमका हाच आक्षेप घेतला होता. मुलाला झाकण उघडून आतले नियम पाहता येत नाहीत. गुन्हे वाढले की पोलीस ठाणी वाढवावी हे त्याला मुकाट्याने शिकावे लागते. म्हणून शिक्षणाचे साधन या नात्याने हा खेळ सदोष आहे, अशी त्यांची भूमिका. हा खेळ युनिक्स यंत्रणेवर आणणारे आणि पुढे मुक्त आवृत्तीसाठी परिश्रम करणारे डॉन हॉपकिन्स यांनी हा आक्षेप मनावर घेतला. खेळाचा गाभा नव्याने रचून पायथॉन भाषेतून त्यावर आज्ञा चालविता याव्यात, अशी सोय त्यांनी केली, आणि पटावर फिरणारे लहान लहान यंत्रमानव त्यात घातले. त्यांपैकी एक ‘पॅक-मॅन’ या जुन्या खेळाच्या नायकासारखा : तो रस्त्याने हिंडतो, जिकडे रहदारी अधिक तिकडे वळतो आणि ती गिळून टाकतो. थोडक्या ओळींचा हा जीव प्रस्तुत प्रकारातील आदर्श पाठ म्हणून कोणाही अध्यापकाने वर्गात घ्यावा. त्याचे वाचन सोपे, त्यात फेरफार करणे सोपे, आणि त्याच्यातला दोषही बोधप्रद आहे. वाहने गिळताना ती कोठे निघाली होती, हे तो विचारीत नाही. गर्दीचे कारण जागच्या जागी राहते आणि अंक तेवढा उतरतो. साहाय्यक उत्तम चालतो आणि तरीही मूळ प्रश्नाला स्पर्श करीत नाही, हे ज्याला या जीवावरून उमगले, त्याने प्रोग्रॅमिंगपेक्षा थोडे अधिक काही मिळविले, असे म्हणावे लागेल.

के यांच्या आक्षेपाला दिलेले हे उत्तर मात्र अर्धेच आहे. यंत्रमानव पटावर फिरतात. नियमांच्या आत उतरत नाहीत. साहाय्यक रचणारा विद्यार्थी तिसऱ्या पायरीपर्यंत मोठ्या उत्साहाने येतो, आणि चौथीवर खेळानेच दिलेला गुणांक उचलून पुढे जातो. लोकसंख्या वाढली की चांगले, हा निवाडा त्याने केलेला नसतो; तो आयता मिळालेला असतो. आयत्या निवाड्याच्या मागे निष्ठेने गेले की काय हाती येते, याचा नमुना याच मालिकेतील पुढच्या एका खेळात पाहावयास मिळतो. व्हिन्सेंट ओकास्ला या फिलिपिन्समधील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘सिमसिटी ३०००’ मध्ये साठ लाख वस्तीचे ‘मॅग्नासांती’ नावाचे नगर गणिताने बेतून उभे केले. लोकसंख्येच्या हिशेबाने ते अपूर्व होते. त्यात राहणाऱ्यांचे आयुष्य मात्र लहान, कोंडलेले आणि सदैव पहाऱ्याखालचे होते. ओकास्ला यांनी ते जाणूनबुजून, टीका म्हणून रचले. बक्षिसामागे धावणाऱ्या जाळ्याला अशी टीका अभिप्रेत असू शकत नाही.

येथवरचे विवेचन विद्यार्थी स्वतः साहाय्यक रचतो असे गृहीत धरून केले. २०२२ च्या अखेरीपासून ही परिस्थिती पालटली आहे. भाषा जाणणारी नवी यंत्रे सांगितल्याबरोबर आज्ञावली लिहून देतात. ‘मायक्रोपोलिस’साठी साहाय्यक हवा असे मराठीत सांगितले, तरी काही क्षणांत चारही पायऱ्यांचे लेखन समोर येते. म्हणजे साहाय्यकाचा साहाय्यक उपलब्ध झाला, आणि विद्यार्थ्याने काय करावयाचे हा प्रश्न उरला. यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत अशा यंत्राला वर्गाबाहेर ठेवण्याचे. दुसरे, आज्ञावली-लेखन शिकण्याची गरजच संपली असे मानण्याचे. दोन्ही मते लेखनालाच विद्या समजतात, आणि तेथेच चुकतात. आपल्याकडील ग्रंथपरंपरेत मूळ संहितेइतकाच टीकेला मान आहे. गीतेवर ज्ञानेश्वरांनी १२९० साली जे भाष्य केले, ते मराठीत मूळ ग्रंथाइतकेच स्वतंत्र वाङ्मय ठरले. टीकाकाराचे काम संहिता उलगडण्याचे, तिच्यातील अध्याहृत बाहेर काढण्याचे आणि प्रसंगी तिच्याशी भांडण्याचे. ‘मायक्रोपोलिस’ची आज्ञावली इंग्रजीत आहे, तिच्यातील चलांची नावे आखूड व गूढ आहेत, आणि स्पष्टीकरणपर टिपा तुटपुंज्या आहेत. तिच्यावर ओळीगणिक मराठी टीका करून देण्यास हे नवे यंत्र समर्थ आहे, आणि एकशिक्षकी शाळेत अशा टीकाकाराचे मोल फार मोठे आहे. तोच टीकाकार विद्यार्थ्याच्या वतीने उत्तरपत्रिकाही लिहू लागला, तर टीका संपली. साधी कसोटी अशी सांगता येईल : साहाय्यकाची पुढील चाल कोणत्या पटावर फसेल, हे विद्यार्थ्याला ती चालविण्यापूर्वी सांगता आले पाहिजे. ते सांगता येत असेल, तर ओळी कोणी लिहिल्या हा प्रश्न गौण आहे. सांगता येत नसेल, तर त्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या असूनही उतरवून घेतल्यासारख्याच.

शहापूर-मुरबाडकडे यंत्रे पोहोचली नाहीत, अशी तक्रार आता पूर्वीइतकी खरी नाही. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा गेल्या दशकात ‘डिजिटल शाळा’ म्हणून महाराष्ट्रभर गाजली, आणि लोकवर्गणीतून तिचे अनुकरण ठिकठिकाणी झाले. मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी तर २०१६ च्या ८ मार्चला आजीबाईंसाठी शाळा निघाली आणि साठीपलीकडच्या बायका पाटी घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. शिकण्याची हौस या मुलखात नाही, असे म्हणण्यास जागा नाही. परंतु पडदा भिंतीवर आला म्हणजे त्यावर काय दिसावे हे ठरविण्याचा अधिकारही आला, असे होत नाही. फांगण्याच्या आजीबाई पाटीवर स्वतः लिहितात. पडद्यासमोरचे मूल पुष्कळदा केवळ पाहते. खैरातच्या बावीस यंत्रांचे आणि भिंतीवरील पडद्यांचे तत्त्वज्ञान येथे वेगळे होते, आणि त्या भेदाची चर्चा शिक्षणशास्त्राच्या वर्गांतून व्हावी तितकी झालेली नाही.

राहिला पाण्याचा प्रश्न. १९८९ च्या या खेळात नगराला वीज लागते, रस्ते लागतात, अग्निशामक लागतात. पाणी लागत नाही. पाणीपुरवठा मालिकेत आला तो १९९३ च्या ‘सिमसिटी २०००’ मध्ये, आणि तोही पटावरील पंपांतून व नळांतून. मूळ पटावर नदी आहे, पण ती जमिनीचे मोल वाढविणारा देखावा म्हणून. हा अभाव अमेरिकेतील खेळाडूला जाणवला नसेल. शहापूरच्या विद्यार्थ्याला तो पहिल्या दिवशी जाणवावयास हवा. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव (१८९२) याच तालुक्यात. मुंबईच्या पुरवठ्यात सर्वांत मोठा वाटा असलेले भातसा धरणही येथेच. आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाड तालुक्यात पसरलेला बारवीचा जलाशय औद्योगिक विकास महामंडळाचा. त्याचे पाणी कारखान्यांना व खालच्या शहरांना जाते; त्याची उंची वाढविताना गावे उठली. तेव्हा ‘मायक्रोपोलिस’मध्ये पाणी घालणे हा या विद्यार्थ्यापुढचा स्वाभाविक अभ्यास आहे.

तो वाटतो तितका सोपा नाही. प्रत्येक क्षेत्राला विजेप्रमाणे पाण्याचीही अट घालावी, आणि ते वाहून नेण्यासाठी दुसऱ्या पायरीतील पसरण्याची रीतच पुन्हा वापरावी. येथवर अडचण नाही. अडचण येते ती उगमापाशी. उगम पटावर ठेवला, तर नगर आपलेच पाणी पिते, आणि ती मुंबईची कथा होत नाही. उगम पटाबाहेर ठेवला, तर कडेच्या चौकोनातून पाणी नुसते आत येते. ते कोणाकडून आले, हे लिहिण्यास जागा नाही. बाहेरच्या प्रदेशाला आज्ञावलीत लोकसंख्या नाही, जमिनीची किंमत नाही, तहान नाही. अशा पटावर साहाय्यकाला लोकसंख्येचा गुणांक दिला, तर तो बाहेरून जेवढे येईल तेवढे पाणी घेण्याचा सल्ला देईल, आणि त्याच्या हिशेबाने तो सल्ला बिनचूक असेल. ते टाळावयाचे, तर पटाला बाहेरची एक चौकट जोडावी लागते, तिच्यात पाडे मांडावे लागतात, आणि त्यांच्या उन्हाळ्याचा अंक नगराच्या गुणफलकातून वजा करावा लागतो. तो अंक किती धरावा, नगरातील एका माणसाच्या तुलनेत पाड्यावरील एका माणसाला किती गुण द्यावेत, हे चौथ्या पायरीवर विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लिहावे लागेल. मूळ आज्ञावलीत त्यासाठी एकही ओळ सोडलेली नाही.